मैदानावर बाबा म्हणायचं नाही

विनोद बांते कोच झाला तो टीनामुळे. या गोष्टीचा टीनाला पुढे चांगलाच पस्तावा झाला.

झालं असं, की तुमसरच्या तिच्या शाळेतले खेळाचे सर बदली होऊन गेले आणि चौदा वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉलची टीम पोरकी झाली. पालकसभेत मुख्याध्यापिका मंदाबाईंनी विचारलं, की नवीन सर येईपर्यंत सकाळी तासभर या मुलींकडे बघेल असं कोणी आहे का. पालक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. टीना पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तिनं तिथूनच सांगून टाकलं, की आमचे बाबा कॉलेजच्या टीममध्ये होते, घरी भिंतीवर त्यांचा फोटो आहे. मागच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या विनोदनं मान वर केली तेव्हा सगळी सभा त्याच्याकडे बघत होती.

फोटो खरा होता. फोटोतल्या विनोदला पोट नव्हतं आणि गळ्यात तिसऱ्या क्रमांकाचं पदक होतं. त्या स्पर्धेत टीमच तीन आल्या होत्या, हे फक्त त्याच्या बायकोला, गुड्डीला, माहीत होतं आणि तिनं ते पोटात ठेवलं होतं.

विनोद राइस मिलमध्ये सुपरवायझर. दिवसभर मशीनच्या घरघरीत बोलून बोलून त्याचा आवाज असा तयार झाला होता, की जेवताना त्यानं मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघायचे. हा आवाज घेऊन तो सकाळी शाळेच्या मैदानावर आला. सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळी नाही, दुसरीकडचा बोर्ड कोपऱ्यात तडकलेला. बारा मुली रांगेत उभ्या होत्या. टीना सगळ्यांत पुढे, कारण बाबा आपल्याला बघून हसतील असं तिला वाटत होतं.

विनोद हसला नाही. त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, की इथं कोणी कोणाचं नातेवाईक नाही. मैदानावर तो फक्त सर आहे. टीनानंही सरच म्हणायचं, बाबा म्हणायचं नाही.

त्याला कारण होतं. आपली मुलगी टीममध्ये, आणि कोच आपणच. लोक काय बोलतील हे त्याला आधीच ऐकू यायला लागलं होतं. त्यातून धाक होता तो धर्मेंद्रचा. धर्मेंद्रचं धान्यबाजारात अडतीचं दुकान. भाव कमी आणि गप्पा जास्त, अशी त्या दुकानाची ख्याती होती. तिथं सकाळी निघालेली गोष्ट दुपारपर्यंत तुमसर रोड स्टेशनला पोचायची. धर्मेंद्रची मुलगी डिंपल याच टीममध्ये होती आणि टीनाची सख्खी मैत्रीण होती.

मग विनोदनं ठरवलं, की कोणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. टीना पाणी शेवटी पिणार. बॉल भरलेली जाळी टीना उचलणार. कोणाकडून पास चुकला की टीनाला विचारणार, तू कुठं बघत होतीस. डिंपलच्या हातातून बॉल सुटला तर "शाबास बेटा, पुन्हा घे," आणि टीनानं दोन्ही हातांनी लागोपाठ बास्केट केल्या तर "कोपर आत." मोहाडीच्या मुलींबरोबर मैत्रीची मॅच झाली, तेव्हा टीममध्ये सगळ्यांत चांगला नेम धरणारी मुलगी शेवटपर्यंत बेंचवर बसून राहिली आणि टीम थोडक्यात हरली. परत येताना मुली टीनाशीच भांडल्या, की तुझे बाबा आम्हाले हरवून राहिले. टीना म्हणाली, माझे बाबा कुठं, ते तर सर आहेत.

आणि तिथंच तिला ती युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी विनोद उठला तेव्हा टीना मोरीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. "सर, आंघोळीचं पाणी काढलं," ती म्हणाली. जेवताना तिनं हात वर करून विचारलं, "सर, मी आणखी एक पोळी घेऊ?" रात्री झोपायला जाताना दारात सरळ उभी राहून "सर, जाऊ का?" विनोदनं पहिल्यांदा हसून सोडून दिलं. मग रागावला. मग गुड्डीकडे तक्रार केली. गुड्डी भाजी चिरत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुमीच तं पोरीले नियम शिकवला. हुशार आहे बिचारी, घरीबी पाळून राहिली." आणि तोंड फिरवून इतकी हसली, की अर्धी वांगी खाली पडली.

धान घरात आलं होतं म्हणून एका रविवारी सगळे करडीला, विनोदच्या आईवडिलांकडे गेले. अंगणात देवाजी, म्हणजे विनोदचे वडील, बाजेच्या मधोमध बसले होते आणि विनोद त्यांच्या शेजारी. टीना कप घेऊन आली.

"सर, चहा."

देवाजी थोडे सरकले.

"तुमाले नाही आबाजी. सर, चहा घ्या."

देवाजी आणखी सरकले. आता ते बाजेच्या अगदी कडेला आले होते. ओसरीत बसलेल्या शकुबाईला हे बघवेना. ती नातीवर करवादली, "आबाजी पार टोकावर गेला व, आता किती सरन तो? खाली पडन ना."

मग तिला खरा प्रकार समजावून सांगावा लागला. तो कळल्यावर तिनं टीनाला सोडलं आणि विनोदला धरलं. पोटची पोर बापाला सर म्हणते आणि बाप ओ देऊन राहिला, हे तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. विनोद आईला नियम, टीम, लोक, धर्मेंद्र असं सगळं सांगायला गेला. शकुबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तो धर्मेंद्र तुझा कोण लागते. परत येताना मोटारसायकलवर त्यानं टीनाला तडजोड सांगितली, मैदानावर सर आणि घरी बाबा. टीना मागून नम्रपणे म्हणाली, की दोन्हीकडे एकच बरं पडेल, नाहीतर तिचा गोंधळ होईल, सर.

ही सगळी हकीकत शाळेत डिंपलला कळायचीच होती. डिंपलचं डोकं बापासारखंच व्यापारी. तिनं सरळ हिशेब मांडला. टीना घरी बाबा म्हणत नाही, मैदानावर म्हणत नाही. म्हणजे एक चांगला बाबा असाच पडून राहिला आहे, कोणीच वापरून नाही राहिलं. मग आपण वापरू.

दोन दिवसांनी सकाळी विनोदनं शिट्टी वाजवली आणि रांगेतून आवाज आला, "बाबा, या बॉलमधी हवा कमी आहे."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात दुसरीनं विचारलं, "बाबा, वॉर्म-अप झाला, आता काय करू?" तिसरी म्हणाली, "बाबा, हिनं मले ढकललं." विनोदनं सगळ्या टीमला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मुली मुकाट्यानं धावल्या. परत येऊन अकरा जणी एका सुरात म्हणाल्या, "झालं, बाबा." टीना एकटी मागून म्हणाली, "झालं, सर."

कुंपणापलीकडे दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला थांबून बघत होता. त्यानं मनापासून कौतुकानं विचारलं, "सगळ्या तुमच्याच का जी?"

ती गोष्ट मिलमध्ये पोचायला वेळ लागला नाही. हमाल पोती उचलता उचलता विचारू लागले, साहेब, आज पोरी बऱ्या आहेत का. विनोदनं आठवडाभर चिडून पाहिलं, पण बाबा म्हणून हाक मारणाऱ्या मुलीवर मिलच्या आवाजात ओरडणं जमत नाही. आवाज आपोआप खाली यायला लागला. बेटा, हळू. बेटा, पाय मुरगळेल. कोणाच्या डब्यात काय आहे, कोणाला खोकला आहे, हेही त्याला कळू लागलं. त्याला ते आवडत होतं, आणि मुलींना ते समजलं होतं. टीनाशी मात्र तो पूर्वीसारखाच वागत राहिला. तिथं नियम होता. टीनानंही तो सोडला नाही. आता मैदानावर एकच मुलगी त्याला सर म्हणत होती, आणि ती त्याची स्वतःची होती. हे सुरुवातीला तिला फार मजेचं वाटलं. नंतर कधी कधी, बाकीच्या मुली त्याच्याभोवती गोळा होऊन बाबा, बाबा करायच्या तेव्हा ती लांब उभी राहून बॉल आपटत बसायची.

इकडे धर्मेंद्रच्या घरी वेगळंच पेटलं. एका रात्री डिंपल लवकर झोपायला निघाली आणि म्हणाली, बाबांनी सांगितलंय, मॅचच्या आधी झोप पूर्ण पाहिजे. धर्मेंद्र टीव्हीसमोरून म्हणाला, मी कधी सांगतलं. डिंपल म्हणाली, तुमी नाही, मैदानावरचे बाबा.

हे धर्मेंद्रच्या काळजात जाऊन बसलं. पण ते कोणाला सांगणार? मुलगी दुसऱ्या माणसाला बाबा म्हणते, ही काही दुकानात बसून बोलण्याची गोष्ट नव्हती. तो मैदानावर कधीच गेलेला नव्हता. सकाळी बाजार असतो, हे त्याचं कायमचं कारण. मग जे बोलता येण्यासारखं होतं ते तो बोलायला लागला. विनोद बांते स्वतःच्या पोरीला पुढं करते. बाकीच्या पोरी नुसत्या भरतीच्या. जिल्ह्याच्या स्पर्धा जवळ आल्या तसा त्यानं स्पर्धेच्या समितीतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून रीतसर तक्रारच केली.

भंडाऱ्याच्या मैदानाचं काम चालू होतं, म्हणून त्या वर्षी स्पर्धा नदीपलीकडे कारध्याला ठेवल्या होत्या. टीमची गाडी वैनगंगेच्या पुलावरून गेली तेव्हा मुली गाणी म्हणत होत्या. विनोद पुढच्या सीटवर बसून पहिल्या पाच जणींची नावं मनात घोळवत होता. त्यात डिंपल होती. टीना नव्हती.

पहिली मॅच लाखनीकडच्या टीमशी. विनोद बेंचपाशी पोचतो तो तिथं एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी आपलं नाव कृष्णराव असं सांगितलं. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले, आता समितीचं काम बघत होते. ते सरळ बोलणारे होते. तुमच्याबद्दल तक्रार आहे, ते म्हणाले, की तुम्ही आपल्या मुलीला झुकतं माप देता. तुमची मुलगी कोणती ते मला सांगू नका. मी खेळ बघतो आणि स्वतः ओळखतो. या वयापर्यंत माझी नजर कधी चुकलेली नाही.

मैदानाच्या दोरीपलीकडे पांढऱ्या शर्टात धर्मेंद्र उभा होता. बाजार सोडून आला होता. निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता त्याला.

मॅच सुरू झाली. धर्मेंद्र बघतो आहे म्हणून डिंपलचं कौतुक रोजच्यापेक्षा जास्तच झालं. तिनं बॉल रेषेबाहेर घालवला, "शाबास बेटा." तिनं आपल्याच मुलीच्या पायावर पाय दिला, "काही हरकत नाही बेटा." ती पाणी प्यायला आली तर विनोदनं स्वतः बाटलीचं झाकण उघडून दिलं. डिंपल एरवी बरी खेळायची, पण आज दोरीपाशी बाप उभा असल्यामुळे तिचे हातपाय चालत नव्हते. बेंचवर टीना बसली होती. कोणाच्या बुटाची लेस सुटली, तर टीना, बांध. टॉवेल कुठं आहे, टीना. बॉल पलीकडे गेला, टीना, पळ.

"हो सर," टीना म्हणत होती आणि पळत होती.

कृष्णराव बघत होते. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा तुमसरची टीम चांगलीच मागे पडली होती. कृष्णराव उठले आणि विनोदला बाजूला घेऊन म्हणाले, की निकाल झाला आहे. सात नंबरची मुलगी तुमची.

सात नंबर डिंपलचा होता. विनोदनं नाही म्हणून मान हलवली. ती आपली नाही, असं तो सांगू लागला.

कृष्णरावांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. तिच्या इतक्या चुका झाल्या आणि तुम्ही तिला एकदाही बाहेर काढलं नाही, ते म्हणाले. बाटलीचं झाकण उघडून देता. वर ती तुम्हाला बाबा म्हणाली, मी ऐकलं. विनोद म्हणाला, सगळ्याच म्हणतात. तेवढ्यात नऊ नंबरची मुलगी येऊन "बाबा, लिंबू कुठं ठेवलं?" विचारून गेली, आणि तिच्या मागून आलेली "बाबा, हिनं माझंही खाल्लं," असं सांगून गेली. कृष्णरावांची मिशी थोडी हलली, पण ते मागे हटणाऱ्यांतले नव्हते. बाकीच्या काही म्हणोत, सात नंबरच तुमची, आणि उरलेल्या मॅचमध्ये तिला बाहेर बसवा अशी माझी सूचना आहे.

हे दोरीपलीकडे ऐकू गेलं. धर्मेंद्र दोरी ओलांडून आला.

"अहो, तिले कायले बाहेर बसवता? ती माझी पोरगी आहे."

"तुमची?" कृष्णराव म्हणाले. "तुम्ही कोण?"

धर्मेंद्रनं नाव सांगितलं. तक्रार करणाऱ्याचं नावही तेच होतं, हे कृष्णरावांना लगेच आठवलं. त्यांनी एकदा धर्मेंद्रकडे पाहिलं, एकदा डिंपलकडे, आणि विचारलं, की तक्रार ज्या लाडांची आहे ते लाड तुमच्याच मुलीचे होत आहेत, तर नक्की दुखणं काय आहे. खरं दुखणं एका मैदानभर लोकांसमोर सांगण्यासारखं नव्हतंच. तो गप्प राहिला. हे तुमसरच्या बाजारात कोणी पाहिलं असतं तर विश्वास बसला नसता.

कृष्णराव आता पुरते चिडले होते, स्वतःची नजर चुकल्यामुळे जास्त. ते विनोदकडे वळले. "तुमची मुलगी कोणती ते राहू द्या. मला दुसरंच विचारायचंय. ती बेंचवरची बारा नंबर. पाणी तिनं द्यायचं, बॉल तिनं आणायचा, दुसऱ्यांच्या लेस तिनं बांधायच्या. मघाशी मॅचच्या आधी ती पलीकडच्या रिंगवर एकटी नेम धरत होती. सहज टाकते पोरगी, दोन्ही हातांनी. तिला तुम्ही एक मिनिट खेळवलं नाही. सगळ्या तुम्हाला बाबा म्हणतात आणि ती बिचारी सर म्हणते. काय केलंय तिनं तुमचं?"

विनोद शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागला.

"कोणाची मुलगी आहे ती? तिच्या बापाला बोलवा इकडे. मी त्याला सांगतो तक्रार कर म्हणून. साक्षीला मी उभा राहतो."

डिंपल जवळच उभी होती. ती खाली बघत होती. विनोदनं बेंचकडे पाहिलं. टीना टॉवेलची घडी करत होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती.

"तिचा बाप मीच आहे," विनोद म्हणाला.

कृष्णरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते म्हणाले, "मग तुमची तक्रार तुमच्याकडेच करून घ्या," आणि जाऊन खुर्चीत बसले.

तिसरा क्वार्टर सुरू व्हायच्या आधी विनोद टीनासमोर जाऊन उभा राहिला. कोपर, पाय, डिफेन्स, सांगायला पुष्कळ होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"सर, काय करू?" टीनानं विचारलं.

"तुले येते ते कर," तो म्हणाला.

टीना आत गेली. पहिलाच बॉल तिनं असा मारला की तो बोर्डलाही लागला नाही. सवयीनं तिची मान बेंचकडे वळली. विनोद खाली वाकून स्वतःच्या बुटाची लेस बांधत होता, जी सुटलेलीच नव्हती. तो वर बघेचना. दुसरा बॉल रिंगवरून फिरून बाहेर आला. तिसरा आत पडला. मग डिंपलनं अडवून घेतलेला बॉल तिच्याकडे टाकला आणि तोही आत पडला. हळूहळू दोघींचं असं जमलं, की एक जण बघायच्या आत दुसरीकडे पास पोचायचा. धर्मेंद्रला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण बॉल जाळीत पडला की टाळ्या वाजवायच्या एवढं त्याला कळलं होतं, आणि टीनाच्या बास्केटलाही तो टाळ्या वाजवत होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये तुमसर एका गुणानं पुढे गेलं. बेंचवरच्या मुली उभ्या राहून नाचत होत्या.

आणि तेवढ्यात रिंगखाली धक्का लागून टीना गुडघ्यावर पडली.

फार काही झालं नव्हतं. खेळ चालूच होता, ती उठतच होती. पण विनोदला तेवढा दम कुठला? बेंच, रेषा, पंच, सगळं विसरून तो कोर्टवर धावत सुटला. लाखनीची बॉल घेऊन निघालेली मुलगी त्याच्यावर आदळता आदळता राहिली. "बाबू, लागलं का?" तो गुडघ्यावर बसून विचारत होता, मिलच्या आवाजात. नदीपर्यंत गेला असेल.

टीना दात आवळून पुटपुटली, "बाबा, बाहेर जा ना. फाउल देतील."

पंचांनी तो दिला. कोच खेळ चालू असताना आत आला, म्हणून लाखनीला एक फ्री थ्रो, आणि बॉलही त्यांनाच. फ्री थ्रो आत पडला, बरोबरी झाली, आणि मग शेवटच्या मिनिटात त्यांनी आणखी एक बास्केट केली. तुमसर हरलं.

मुली बाहेर आल्या त्या सरळ विनोदभोवती. एवढा वेळ बाबा, बाबा करणाऱ्या अकरा जणींनी त्याला असं झापलं, की शेवटी कृष्णरावांना मध्ये पडावं लागलं. टीना त्यात नव्हती. ती बेंचवर गुडघा धुवत बसली होती. विनोद तिच्यापाशी जाऊन बसला. माझ्यामुळे हरलो, असं तो म्हणाला. टीना म्हणाली, की हो, तुमच्यामुळेच. मग थोड्या वेळानं तिनं बाटली त्याच्याकडे सरकवली आणि सांगितलं, पाणी टाका ना बाबा, माझा हात पुरून नाही राहिला. तिचा हात चांगला पुरत होता.

धर्मेंद्रकडे आता तक्रारीला खरंखुरं कारण होतं. पण त्यानं ती केली नाही. मुली जेवत होत्या तेव्हा तो विनोदला रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. बराच वेळ बशीत फुंकर मारत बसला. मग म्हणाला, "माझी पोरगी तुमाले बाबा म्हंते."

"माझी मले म्हणत नव्हती," विनोद म्हणाला.

दोघांनी चहा संपवला. आपल्याच मुलीला शिकवणं हे एका माणसाचं काम नाही, एवढं दोघांना पटलं होतं. विनोद म्हणाला, की स्वतःच्या पोरीसमोर उभं राहिलं की त्याचं डोकं चालत नाही, ते आजच सगळ्यांनी बघितलं. तेव्हा असं करू, डिंपलचं तो बघेल आणि टीनाचं धर्मेंद्रनं बघायचं. धर्मेंद्र म्हणाला, पण मले तं काहीच येत नाही. विनोद म्हणाला, तुमी नुसते सकाळी या, टीनाले सगळं येते.

सकाळी बाजार असतो, असं धर्मेंद्र म्हणाला नाही.

सोमवारी तो खरंच आला. पांढरा शर्ट, नवे बूट, हातात केळ्यांची फणी. विनोद डिंपलला घेऊन एका रिंगपाशी गेला आणि धर्मेंद्र टीनासमोर हात मागे बांधून उभा राहिला. कोचनं काय करायचं असते, त्यानं विचारलं. टीनानं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की काका, नियम असा आहे, खेळाडूनं काही करायच्या आधी कोचनं स्वतः ते करून दाखवायचं असते. नाहीतर ते मोजलं जात नाही.

धर्मेंद्रनं बाह्या वर केल्या. बॉल दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि तो रिंगच्या दिशेनं धावत सुटला. मध्येच टीनानं त्याला थांबवलं. पाऊल चुकलं, पहिल्यापासून घ्या. दुसऱ्या खेपेला तिनं सांगितलं, की उडी मारताना तोंडानं "हुप्" म्हणायचं असते. तो म्हणाला. कुंपणापलीकडे लोक थांबायला लागले.

विनोदला हे सगळं ऐकू येत होतं. असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, हे त्याच्याइतकं तिथं कोणालाच माहीत नव्हतं. डिंपल ओठ दाबून त्याच्याकडे बघत होती. त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि पाठ फिरवून म्हणाला, "तू इकडं लक्ष दे, बेटा."